धुऱ्यापाशी पुरलेलं मीठ

माझ्या सासऱ्यांशी मी उभ्या जन्मात एकदाच बोलले, आणि तेव्हा ते मरणाला टेकले होते. त्या एका बोलण्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे, नाहीतर मेलेल्या माणसाचं उकरून काढायची मला काय हौस!

आमच्या गोर बंजाऱ्यांत तेव्हा सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. घुंगटो हनुवटीच्या खाली ओढलेला, आणि काही सांगायचंच झालं तर सासूच्या कानात कुजबुजायचं. सासू ते आपल्या शब्दांत सासऱ्यांना सांगणार आणि सासरे उत्तर देणार तेही तिलाच. माणूस दोन हातांवर बाजेवर बसलेला, पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर हा असा वळसा. मी माहेरी, मुकुटबनकडच्या तांड्यात, दुसरीपर्यंत शाळा शिकलेली, आणि जीभ तर उपजतच तिखट. लग्नाआधी माझी आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाले कुलूप कोन लावन बाप्पा?" लावलं की सासरच्यांनी! घरात आम्ही गोर बोलीच बोलायचो. इथं ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

सासर राळेगावच्या बाजूला, एका नाल्याकाठच्या तांड्यात. सासऱ्यांचा जन्म रस्त्यावरचा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरण्याला आमच्यात लदेणी म्हणतात. पुढं रेल्वे आली, मोटारी आल्या आणि लदेणी बसली. सासरे लहानपणी अगदी शेवटच्या लदेणीत बापाचं बोट धरून चालले होते, आणि त्यानंतरचा जन्म दुसऱ्यांच्या वावरात राबण्यात गेला. तुमचं गाव कोणतं, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "जलमाले गाव नव्हतं, चाललं. मराले तरी एक पाहिजे."

राज्यांची नवी आखणी होऊन आमचा जिल्हा नागपूरकडून मुंबईकडे गेला त्याच सुमारास सरकारनं तांड्यातल्या काही जणांना नाल्याकाठची पडीक जमीन कसायला दिली. आमच्याही वाट्याला एक तुकडा आला. अट एवढीच, की काही हंगामांत वावर पिकतं करून दाखवायचं. नाही दाखवलं तर जमीन परत सरकारजमा. पटवारी येऊन उभं पीक डोळ्यांनी पाहून जाणार होता. ज्या दिवशी जमीन मोजून मिळाली त्या दिवशी सासरे तिथंच मातीत आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. सासू म्हणाली, "पोरी, यायले गाव भेटलं."

गाव भेटलं खरं, पण ते कसलं? चोपण जमीन. पावसात चिखल असा, की पाय रुतला तर दोन्ही हातांनी ओढून काढावा लागे. उघाड पडली की तीच माती खडखडीत, पहारीला दाद देत नसे. हिवाळा सरता सरता वर पांढरी खार फुटायची, पिठी सांडल्यासारखी. जिभेला लावून पाहिली तर खारट. शेजारच्या वावराचा मालक कुणबी होता, माणूस भला, पण थट्टेखोर. आमचं वावर बघून तो खो खो हसला. "तुमच्या बापजाद्याईनं लदेणीचं मीठ इथंच सांडलं असन भाऊ! म्हनून तुमाले हेच वावर भेटलं." मग हसणं आवरून त्यानं कामाचं सांगितलं, "हे पांढरं खरडून काढा अन् नाल्यात फेका. पान्यासंगं जाऊ द्या."

तो गंमत करत होता, आमच्या सासऱ्यांनी मात्र ती गंमत मनाला लावून घेतली. ते सासूला म्हणाले, "खरंच असन. इथं पडाव पडत असन आपल्या लोकाईचा." तेव्हापासून त्या वावरात पाऊल टाकण्याआधी ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जोडे काढून ठेवायला लागले. मीठ पायदळी तुडवायचं नाही, हे आमच्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. ज्या मिठानं पिढ्यान् पिढ्या पोसलं त्याच्यावर जोड्यानं कसं चालायचं?

खार त्यांनी खरडली, पण नाल्यात फेकेनात. "मिठाले वाहत्या पान्यात ढकलू? मेलो तरी नाही." वावराचा एक कोपरा नाल्याकडे उतरता होता. तिथं धुऱ्यापाशी त्यांनी खड्डा खणला, खरडलेली खार टोपल्यांनी आणून त्यात पुरली, वर एक दगड ठेवला आणि दगडाला शेंदूर फासला. त्या कोपऱ्यात वखर न्यायचा नाही, गवत कापायचं नाही, हा त्यांचा हुकूम. मग तिथं कुंदा आणि हरळी माजली, मुळांत मुळं गुंतून नुसती गादी झाली.

बाकीच्या वावरात मात्र आम्ही काडी ठेवली नाही. कुंदा म्हणजे शेतकऱ्याचा जुना वैरी. त्याची मुळं कमरेइतकी खोल जातात. मी, माझा नवरा आणि सासू, तिघांनी उन्हाळाभर खणून खणून तो काढला, ढीग रचले, जाळले. नवरा अबोल, बापापुढे तर मुकाच, पण कामाला वाघ. वखरावर वखर हाणून त्यानं वावर असं साफ केलं की लोक धुऱ्यावर थांबून पाहायचे. सगळा उन्हाळा जमीन उघडी, एक हिरवं पान नाही. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! आता आठवलं की हातांचीच चीड येते. कष्ट करून करून आम्ही काय केलं, ते आम्हाला कुठं माहीत होतं.

पहिल्या हंगामात ज्वारी गुडघ्याएवढी झाली, पिवळी पडली आणि बसली. दुसऱ्या हंगामात तीच कथा, पण एक गोष्ट वेगळी झाली. शेंदराच्या दगडाजवळची जी काही तासं होती, गवताला लागून पेरलेल्या ओळी, ती हिरवीगार उठली. माणूस आत शिरला तर दिसू नये इतकी उंच, आणि कणसं तर अशी टपोरी की सासूनं लगेच दृष्ट काढली. सासरे म्हणाले, "हे मिठानं आलं." दोन पावलं अलीकडे पिवळी मरतुकडी ज्वारी आणि तिथं हे असं रान. पटवारी आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला थेट त्या कोपऱ्यातच नेऊन उभं केलं. पटवारी म्हणाला, "कोपरा झकास आहे जी. पन कोपऱ्यानं भागत नाही. पुढच्या हंगामात निम्म्या वावरात तरी असं पीक दिसलं पाहिजे, नाहीतर माह्या हातात काही नाही."

म्हणजे सगळं त्या एका हंगामावर आलं.

उन्हाळ्यात धसकटं वेचणं हे बायकांचं काम. ज्वारी कापल्यावर जमिनीत राहिलेले बुडखे उपटून गोळा करायचे, म्हणजे पुढच्या नांगरटीत ते आडवे येत नाहीत. त्या दिवशी मी वावराच्या मधून सुरुवात केली. बुडखा ओढला की मुळं कशी यायची, तर बोडकी. मातीचा कण नाही, नुसती सोललेली काडी. करत करत मी कोपऱ्यात आले आणि पहिलंच धसकट निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा मातीच्या मोठ्या गोळ्यासकट बाहेर आलं. गोळा फोडून पाहिला तर आत बारीक बारीक पांढरे तंतू, केसाहून बारीक, मुळांना बिलगून सगळ्या मातीत पसरलेले. माती त्यांनीच धरून ठेवली होती. शेजारच्या हरळीचं मूळ उपटलं, तर त्यालाही तेच. कुंद्यालाही तेच. मी परत मधल्या धसकटांकडे गेले, हातात घेऊन नीट पाहिली. तिथं एकही तंतू नव्हता.

मी काही शहाणी नव्हते. हे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण जिथं गवत आहे तिथं हे आहे, जिथं हे आहे तिथं ज्वारी आहे, एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं! दोन धसकटं, एक मधलं आणि एक कोपऱ्यातलं, पदरात बांधून मी धावत घरी आले. सासरे कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मी घुंगटो ओढला, सासूच्या कानाशी गेले आणि भडाभडा सगळं सांगितलं. सासूला मी याडी म्हणायचे, म्हणजे आई. "याडी, बांना सांग, ते मिठानं नाही आलं. गवतानं आलं. मुळांना काहीतरी पांढरं आहे, ते मातीला धरून राहतं. मधल्या मुळांना ते नाही. गवत उपटू नका म्हणावं, उलट तिथली माती बाकीच्या वावरात टाकून पाहू म्हणावं."

सासूनं ऐकलं. ती बिचारी भांडणाला भिणारी. दिवसभराच्या उन्हानं आधीच दमलेली. तिनं सासऱ्यांकडे तोंड केलं आणि एवढंच म्हणाली, "सून म्हनते, कोपऱ्यातल्या धसकटाईले पांढरं पांढरं काही लागलं."

सासऱ्यांनी धसकट हातात घेतलं, डोळ्यांजवळ धरलं. "बुरशी आहे. गवतातून आली. गवत काढून जाळून टाका म्हना, नाहीतर पुढच्या पिकाले लागन."

मी सासूचा हात दाबला, पुन्हा कुजबुजले, "तसं नाही याडी, तू पुरतं सांग." सासूनं डोळे वटारले. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा तिनं मला चिमटा काढला आणि आत ढकललं. घुंगट्याच्या आत मी दात-ओठ खात राहिले. दोन हातांवर तो माणूस बसलेला होता. दोन हात!

सासऱ्यांनी त्याच आठवड्यात कोपरा उकरला. त्यांचा विचार सरळ होता. पीक मिठाजवळ आलं, म्हणजे मिठानं आलं. आपलं पुरलेलं मीठ पिकाला पावलं. गवताची गादी नवऱ्यानं कुदळीनं सोलून काढली, दगड बाजूला केला, खड्डा उघडला. सासऱ्यांनी आतली माती चिमूटभर जिभेवर ठेवली. आम्ही सगळे बघत होतो. माती फिकी होती. कोपरा उतरता, दोन पावसाळ्यांत खार झिरपून नाल्यात गेली असणार, हे मला आज कळतं. त्या दिवशी सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "पाहा. पिकानं खाल्लं. सारं मीठ पिकानं खाल्लं."

मग काय विचारता! त्यांना जणू जुनं वय परत आलं. तांड्यातल्या दोन-चार म्हाताऱ्यांना त्यांनी गोळा केलं. कोणाच्या तरी खोपटात जुन्या गोण्या होत्या, त्या काढल्या, झटकल्या, उसवलेल्या शिवल्या. आमच्या दोन बैलांच्या शिंगांना कवड्यांच्या माळा बांधल्या, कपाळावर आरशांची पट्टी बांधली. नाल्याच्या काठानं जिथं जिथं खार फुटली होती तिथून ती खरडून गोण्यांत भरली. गोण्या बैलांच्या पाठीवर लादल्या, जुन्या रीतीनं, दोन्हीकडे सारख्या तोलून. आणि सकाळच्या उन्हात ती लदेणी निघाली. पुढं सासरे अनवाणी, खांद्यावर काठी, मागं बैल, मागं म्हातारे, आणि त्यांच्या मागं आम्ही बायका गाणी म्हणत. असली गाणी मी लग्नातही ऐकली नव्हती. म्हाताऱ्या बायकांना ती पाठ होती, कुठं कुठं जपून ठेवली होती कोण जाणे. सासूनं माझा हात धरून मला फेरात ओढलं.

काय सांगू, मीही नाचले. सगळं माहीत असून नाचले, कारण तो आनंदच तसा होता. तसा हसरा चेहरा मी सासऱ्यांचा ना आधी पाहिला ना नंतर. शेजारचा कुणबी धुऱ्यावर येऊन ओरडला, "अबे, येड लागलं काय तुमाले? वावराले मीठ घालता?" त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तांड्याचा नायक तेवढा चिंतेत होता. तो माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तुया बापाले समजाव." नवरा मान खाली घालून उभा राहिला. सासऱ्यांनी मूठ मूठ करून सगळ्या वावरात ते मीठ पेरलं, बियाणं पेरावं तसं, आणि एकाही ठिकाणी ते आपल्या पायाखाली येऊ दिलं नाही.

कोपऱ्यातली गवताची गादी जाळायचं काम माझ्याकडे आलं. मुळांना मातीचे एवढे गोळे, ते पेटतात थोडेच! अर्धंमुर्धं जळलं. उरलेलं सासू टोपल्यांनी घरामागं घेऊन गेली. तिथं सांडपाण्यानं जमीन खचली होती आणि भिंतीच्या कडेनं पांढरा लोणा, म्हणजे खारच, चढला होता. तो खळगा तिनं त्या मुळांच्या मातीनं बुजवला.

पाऊस वेळेवर आला. तिफण चालली, मी आणि सासू सरत्याच्या नळीतून बी सोडत गेलो. उगवण बरी झाली. सासरे रोज पहाटे वावरात जायचे आणि उन्हं चढल्यावर यायचे. मग एक दिवस ते लवकर परत आले आणि बाजेवर पडले. मी घागर भरण्याच्या निमित्तानं वावरात गेले. रोपांची टोकं करपली होती. खालची पानं पिवळी, वरची तपकिरी, आणि मुळाशी माती भिजून शेणाच्या लगद्यासारखी बसलेली. एक रोप उपटलं. मूळ बोटभरही नव्हतं, आणि जे होतं ते काळं. दुबार पेरणी केली. तीही तशीच गेली. या खेपेला दगडाजवळचा कोपराही गेला.

आणि घरामागं काय झालं? माय माय माय! आम्ही पाखडताना तिथं ज्वारीचे दाणे सांडले असतील. त्या बुजवलेल्या खळग्यात, खारीच्या पांढऱ्या पट्ट्यात, कोणी न पेरता ज्वारी उठली. छपराच्या वर गेली. वावर सगळं मेलेलं आणि घरामागं हा हिरवा गच्च पुंजका, डोळ्यांत खुपणारा. सासरे त्याच्यासमोर तासन्‌तास बसायचे. मी सासूच्या कानाला लागले, "याडी, आता तरी सांग. ती गवताची माती आहे." सासू म्हणाली, "गप. आता सांगून काय करशील? त्याईचं काळीज फाटून राह्यलं." सासरेच एक दिवस तिला म्हणाले, "इथं गोनी सांडली असन. इथं मीठ जास्त पडलं. वावरात कमी पडलं."

पटवारी आला. वावराकडे त्यानं धुऱ्यावरूनच पाहिलं, आत शिरलासुद्धा नाही. सासऱ्यांनी त्याला घरामागं चला म्हणून हात धरून ओढलं. तो आला बिचारा, पाहिलं, कणसाला हात लावला. म्हणाला, "घराच्या मागचं वावरात धरता येत नाही जी." वाईट त्यालाही वाटलं असावं, कारण पाणी प्यायला दिलं तेव्हा तो आमच्या कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हता. पुढच्या उन्हाळ्याच्या आत जमीन गेली. सासरे शेवटचे वावरात गेले तेव्हा धुऱ्यावर जोडे काढले, कोपऱ्यातला शेंदराचा दगड उचलला आणि परत येताना नाल्यात टाकला. जोडे तिथंच राहिले. नंतर कोणी आणायला गेलं नाही.

जमीन गेली तसं तांड्यात सासऱ्यांचं मन रमेना. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण बायका पाण्यावर हसायच्या, "मीठ पेरनाऱ्याची सून आली." मीही ऐकून घेणारी नव्हते, एकीच्या डोक्यावरची घागर मी तिथंच पाडली. शेवटी आम्ही बिऱ्हाड उचललं आणि राळेगावच्या वाटेवर एका सरकारी बियाण्याच्या मळ्यावर मजुरीला राहिलो. मळ्याच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या, त्यातली एक आमची. जन्मभर ज्याला एका जागी टेकायचं होतं तो माणूस म्हातारपणी पुन्हा पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघाला होता. ते खचले ते खचलेच. दोन पावसाळे कसेबसे निघाले, मग बाजेवरून उठणं बंद झालं. पडल्या पडल्या ते सासूला एकच विचारायचे, "किती कमी पडलं असन वो?" सासू पाय चेपत राहायची.

मग मळ्यावर एक तरुण साहेब आले, शेतकी कॉलेजात शिकवणारे. ते ज्वारीची मुळं खणून काढायचे, पाण्यात हलकेच धुवायचे आणि भिंगातून पाहायचे. आम्ही बायका शेजारी गवत निंदत होतो. बाकीच्या हसत होत्या, "साहेबाले भाजी निसाले लावलं घरी कोनी." मी मात्र निंदणं सोडून उठले. तिथं काही सासरे नव्हते. मी सरळ जाऊन विचारलं, "साहेब, मुळाले पांढरे तंतू राहतात, ते काय असते?"

साहेबांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. तेच होते, माझ्या पदरात बांधून आणलेल्या धसकटावरचे. साहेब म्हणाले, "ही बुरशीच, पण चांगली बुरशी. मुळाच्या आत घर करते आणि बाहेर दूरवर तंतू पसरते. जिथं मूळ पोचत नाही तिथून पाणी आणि खत वाहून आणते आणि मुळाला देते. झाड तिला मोबदल्यात साखर देतं." मी विचारलं, "अन् खारट जमिनीत?" ते म्हणाले, "तिथं तर तिचा फारच उपयोग. मीठ बऱ्यापैकी बाहेरच अडवते, म्हणून पीक तग धरतं. पण तिला जिवंत मूळ लागतं. वावर उन्हाळाभर उघडं ठेवलं की ती उपाशी मरते. बांधावरचं गवत असेल तर त्याच्या मुळांवर जगून राहते. आणि मीठ फारच झालं तर तीही मरते."

मी विळा तिथंच टाकला आणि निघाले. मुकादम मागून ओरडत होता, ओरडू दे. धुऱ्यावरची मूठभर हरळी मुळासकट उपटून घेतली आणि झोपडीत शिरले. सासू चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारत होती. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आत आले ती घुंगटो मागं टाकूनच. सासूनं पाहिलं आणि हातातली काडी तिच्या हातातच राहिली. "अवो, येड लागलं काय तुले? झाक तोंड!"

मी म्हणाले, "बा."

म्हातारा दचकला. आधी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, सुनेचं तोंड दिसू नये म्हणून. मी म्हणाले, "मिटा डोळे, पण ऐका. मीठ कमी नव्हतं पडलं." तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

मी बाजेजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. हरळीचं मूळ त्यांच्या बोटांत दिलं. कोपऱ्यातल्या गवतावर हे तंतू जगत होते, ज्वारीला दुरून माल आणून देत होते, त्याच्या बदल्यात आपला शिधा घेत होते. मीठ त्यांनी आणलं नाही, उलट दारातच अडवलं. सासरे ते मूळ अंगठ्यानं चाचपत राहिले.

"म्हंजे," ते म्हणाले, "तेही लदेनीवालेच?"

"हो बा."

"आपलेच लोक. अन् मी त्याईच्यावर मीठ घातलं."

सासू चुलीकडे पाठ करून आमच्याकडे बघत होती. ती रडत होती, पण आवाज नव्हता. सासऱ्यांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो, माझं तोंड त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "तुले धसकटं वेचतानाच दिसलं होतं?"

"हो."

"तं मंग सांगितलं काहून नाही मले?"

रागानं माझं सगळं अंग पेटलं. सासूचा चिमटा, कडुनिंबाची सावली, दोन हातांचं अंतर, सगळं जिभेवर आलं. सासूकडे पाहिलं. तिनं हात जोडले होते, सासऱ्यांना दिसणार नाहीत असे, पोटाशी धरून. मग माझा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि मी घुंगटो हनुवटीच्या खाली ओढला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मळ्याच्या लोकांनी नाल्याच्या काठाला जागा दाखवली. कोतवाल चौकशीला आला, माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मयताचं गाव कोनतं जी?" नवरा खाली पाहत उभा राहिला. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी घुंगट्याआड होते, पण या खेपेला कोणाच्या कानात कुजबुजले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गाव झालं नाही त्याईचं."